अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि बाहेर बसलेली आई

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकात अकाली जन्मलेले म्हणतात. वऱ्हाडात त्याला ‘अपुऱ्या दिवसांचं’ किंवा ‘सातमाशी लेकरू’ म्हणतात. अशा बाळांतली बहुसंख्य बाळे ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान जन्मतात. ती थोड्या काळजीने तगतात. २८ ते ३२ आठवड्यांच्या बाळांना रुग्णालयाची गरज लागतेच, आणि २८ आठवड्यांच्या आतली बाळे संख्येने थोडी असली तरी सर्वांत धोक्यात असतात. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अकाली जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात जन्मली. हा आकडा इतर कोणत्याही देशापेक्षा मोठा आहे.

सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडपासून मुंबईपर्यंत सगळीकडे ऐकू येते. प्राचीन ग्रीकांतही ती होती. ती साफ चुकीची आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो, आणि आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा सहसा अधिक सुस्थितीत असते. समजूत निरुपद्रवी वाटते, पण आठव्या महिन्यात कळा आल्या की घरातले एखादे वडीलधारे माणूस आधीच हात टेकते आणि गाडी बोलावण्यात तास-दोन तास जातात. नुकसान होते ते तिथे.

लवकर आलेल्या बाळात नेमके काय अपुरे असते? सर्वांत आधी फुप्फुस. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला एका स्निग्ध द्रवाचा थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेले बाळ प्रत्येक श्वासाला नवा फुगा फुगवल्यासारखे कष्ट घेते, आणि थकते. या द्रवाच्या अभावाचा शोध १९५९ साली मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी लावला. हा द्रव बाहेरून फुप्फुसात सोडण्याचा उपाय मात्र १९८० साली जपानच्या फुजिवारांनी यशस्वी करून दाखवला. मधल्या काळात, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक दोन दिवसही जगला नाही. त्याचे वजन २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास होते. तेवढ्या वजनाचे आणि तेवढ्या दिवसांचे बाळ आज महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा जिल्हा रुग्णालयांतून आईच्या कडेवर घरी जाते.

दुसरा अपुरेपणा उबेचा. कातडीखाली चरबी नसते, अंगाच्या मानाने डोके मोठे असते, आणि ओले अंग भराभर थंड होते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बाळ गारठेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण त्या दिवसांतही ते गारठते, कारण घरात कूलर चालू असतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओला वारा मोठ्या माणसाला जीवदान वाटतो आणि दीड किलोच्या बाळाची ऊब काढून घेतो. बाळाच्या अंगाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहायला हवे. ते उतरले की साखर उतरते, श्वास मंदावतो, आणि पुढची सगळी गुंतागुंत सुरू होते.

तिसरा अपुरेपणा दुधाचा. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ ३४ आठवड्यांच्या सुमारास जमतो. तोवर दूध नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा पलाडईने पाजावे लागते. पलाडई म्हणजे आपले बोंडले. आजीच्या काळातली ही वस्तू शास्त्राने परत आणली, ती उकळून घेण्याच्या अटीवर. पहिल्या दिवशी एकावेळी काही मिलीलीटर दूध पुरते. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन वाढण्याऐवजी उतरते, दहा टक्के किंवा त्याहून थोडे जास्तही. हे कोणी आधी सांगितले नसेल, तर दीड किलोचे बाळ एक किलो चारशेवर आलेले पाहून घरचे लोक हाय खातात.

हिवरखेड हे तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे मोठे गाव. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तेल्हारा आणि अकोट येथे शासकीय रुग्णालये आहेत. पण १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांच्या आतले बाळ ज्या विशेष नवजात शिशु काळजी कक्षात ठेवायचे असते, तो ‘एसएनसीयू’ जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अकोल्याला. अकोटमार्गे हे अंतर साठ-सत्तर किलोमीटरचे. मध्ये पूर्णा नदी. गांधीग्रामजवळचा तिच्यावरचा जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात वाहतुकीला बंद झाला, तेव्हा या भागातल्या लोकांना लांबचा वळसा पडला. पुढच्याच महिन्यात अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली ती लोकांना मोठा आधार वाटली. मीटरगेजच्या काळात अकोला-खंडवा गाडी खुद्द हिवरखेडला थांबायची. आता इथले लोक नव्या मार्गाची वाट पाहत आहेत. नवजात बाळाच्या लेखात पूल आणि रेल्वे कशाला, असे कोणी विचारील. थंड पडत चाललेल्या बाळासाठी अंतर मिनिटांत मोजावे लागते, एवढेच उत्तर.

अंतर कापण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे बाळ पोटात असतानाच आईला पुढे पाठवणे. गर्भाशयाइतकी ऊबदार आणि निर्जंतुक रुग्णवाहिका अजून कोणी बनवलेली नाही. दुसरी गोष्ट इंजेक्शनाची. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झालेल्या स्त्रीला डेक्सामेथासोनची मात्रा दिली, तर बाळाचे फुप्फुस काही तासांत पिकू लागते. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी हे तत्त्व १९७२ मध्ये मांडले. २०१४ च्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढे पाठवण्याआधी पहिली मात्रा देण्याची मुभा एएनएम नर्सलाही आहे. काही रुपयांचे हे औषध अकोल्यातल्या लाखो रुपयांच्या यंत्राचे अर्धे काम गावातच करून ठेवते. आणि बाळ जन्मलेलेच असेल, तर त्याला गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवण्यापेक्षा उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून झाकून न्यावे. आईला टाके पडले असतील, ती दुसऱ्या रुग्णालयात अडकली असेल, तर आजी चालते, बापही चालतो. बापाची छाती या कामाला कमी पडत नाही.

कक्षात पोहोचल्यावर बाळ आत जाते आणि दार लागते.

घरी फोन जातो: ‘लेकरू पेटीत ठेवलं.’ खरे तर जिल्हा रुग्णालयातल्या बहुतेक बाळांना काचेची पेटी लागत नाही. ती वरून ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर असतात. पण ‘पेटी’ हा शब्द चुकीचा असूनही बरोबर आहे, कारण कुटुंबाला आतले दिसत नाही आणि आतल्यांना बाहेरचे. बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर आजी बसते. बाप औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावतो. कापूस वेचणीचे दिवस असतील तर त्याची मजुरी बुडते. आई प्रसूती कक्षात असते, किंवा दुसऱ्याच रुग्णालयात. दिवसातून एकदा कोणीतरी बाहेर येऊन सांगते, ‘सिरियस आहे’, किंवा ‘पन्नास टक्के’. पन्नास टक्के म्हणजे काय, हे विचारायची हिंमत होत नाही.

या काळात घरातल्या रीतीही खोळंबतात. पाचवी होते, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. कक्षाच्या दारातून ती आत कशी जाईल, असा प्रश्न आजीला पडतो. बारशाचा बारावा दिवस उलटतो आणि नाव ठरत नाही. बाळाच्या हातातल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि त्यापुढे आईचे नाव असते. पुढे गावात बापाच्या नावाने ओळखले जाणारे मूल आयुष्याचे पहिले काही आठवडे फक्त आईच्या नावाने ओळखले जाते. गंमत अशी, की ज्या व्यवस्थेने बाळाला आईचे नाव दिले, तीच आईला दाराबाहेर बसवते.

हे दार उघडे असावे, हा मायेचा हट्ट नाही. त्याला पुरावा आहे, आणि तो साधनांची चणचण असलेल्या ठिकाणांहून आलेला आहे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळे जास्त होती. एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवण्यापेक्षा त्यांनी ती आयांच्या छातीशी बांधली. त्यातून कांगारू मातृसेवा जन्मली. १९७९ मध्ये एस्टोनियातील टॅलिन येथे डॉ. आदिक लेविन यांच्याकडे परिचारिका कमी होत्या, म्हणून त्यांनी सुई-सलाइन सोडून बाळाची सगळी शुश्रूषा आयांच्या हाती दिली. दोन्हीकडे नाइलाजाने केलेली सोय उपचार म्हणून सरस ठरली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभारली, त्यामागेही हाच विचार होता: लहान बाळाच्या आतड्याला आईचेच दूध मानवते, स्वतःच्या आईचे नसेल तर दुसऱ्या आईचे.

शेवटची शंका २०२१ मध्ये फिटली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर एक प्रयोग झाला. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. निम्मी बाळे नेहमीप्रमाणे आधी यंत्राखाली ठेवून, प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे दिली गेली. उरलेली जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवली, तीही अतिदक्षता कक्षाच्या आत, आईला तिथेच खाट देऊन. पहिल्या गटात शंभरातली सुमारे १६ बाळे महिन्याभरात दगावली, दुसऱ्या गटात १२. फरक इतका ठळक होता की प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. यातली मेख ‘स्थिरावल्यावर’ या शब्दात आहे. बाळ स्थिर झाले की आईकडे द्यायचे, ही जुनी समजूत. आईकडे दिले म्हणून बाळ स्थिर होते, हे नवे ज्ञान. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. त्याआधीच, २०१७ मध्ये, केंद्र शासनाने कुटुंब-सहभागी शुश्रूषेच्या मार्गदर्शक सूचना काढून पालकांना हात धुवायला, दूध काढायला आणि धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवून एसएनसीयूत घ्यावे, असे सांगितले आहे.

विरोधातले मुद्दे पोकळ नाहीत. माणसे आत आली की जंतू येतात, हे खरे वाटते; पण छातीशी ठेवलेल्या बाळांत जंतुसंसर्ग कमी आढळला, कारण बाळाला आईच्या अंगावरचे ओळखीचे जंतू मिळतात आणि दहा बाळांना हाताळणारे हात कमी लागतात. जागा नाही, हा दुसरा मुद्दा. तो खरा आहे. बारा खाटांचा कक्ष बांधताना आयांच्या बारा खाटा नकाशात धरलेल्याच नसतात. तिसरा मुद्दा कुटुंबाचाच आहे: घरी मोठे मूल आहे, म्हैस आहे, सासू आजारी आहे, महिनाभर अकोल्यात राहायचे कसे? यावर गोड उत्तर नाही. आईच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय झाली, तर आज राहू न शकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी राहू शकतील, एवढे म्हणता येते. आणि एक मर्यादाही मान्य करायला हवी. २६-२७ आठवड्यांच्या बाळाला श्वासाचे यंत्र, फुप्फुसातले औषध आणि जाणती परिचारिका यांना पर्याय नाही. मायेने फुप्फुस पिकत नाही. मात्र अशी बाळे थोडी असतात, आणि सगळा कक्ष त्यांच्याच हिशेबाने बंद ठेवला जातो.

बंद दाराची किंमत काय असू शकते, हे ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेआधी भंडाऱ्यात दिसले. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला रात्री दोनच्या सुमारास आग लागली. १० बाळे गेली, ७ वाचवली गेली. आई जवळ असती तर सगळी वाचली असती, असे म्हणणे हा पश्चातबुद्धीचा आगाऊपणा ठरेल. पण आई जवळ असलेले बाळ कधीच बिनपाळतीचे नसते, हे नाकारता येणार नाही. यंत्रे मोजताना विजेची तपासणी आणि रात्रपाळीची परिचारिका हीही मोजावी लागतात.

यंत्राशिवाय किती दूर जाता येते, याचे महाराष्ट्रातले उत्तर गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी बाळांची वजने केली, तापमान मोजले, लहान बाळांना उबदार पिशवीत ठेवले, श्वास न घेणाऱ्यांना मुखवट्याने श्वास दिला आणि जंतुदोषावर इंजेक्शनेही दिली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: हजारी ६२ नवजात मृत्यूंवरून प्रमाण २५ च्या आसपास उतरले होते. तिथे अतिदक्षता कक्ष नव्हता. होती ती आई, आजी आणि दार ठोठावणारी ओळखीची बाई. आज आशा ताई बाळंतपणानंतर ज्या भेटी देते, तो २०११ चा राष्ट्रीय कार्यक्रम याच कामातून उभा राहिला. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचे नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ११ होते, देशाचे २०.

कुटुंब उपचाराचा भाग मानायचे, तर कुटुंबातले दोषही पाहावे लागतात. पहिला दोष आईवर ठपका ठेवण्याचा. तिने कळशी उचलली, पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली. अकाली प्रसूतीमागे जुळी मुले, वाढलेला रक्तदाब, मूत्रमार्गाचा किंवा योनीमार्गाचा जंतुसंसर्ग, कोवळे वय, दोन बाळंतपणांतले कमी अंतर अशी कारणे असतात. आणि कित्येक वेळा कोणतेही कारण सापडत नाही. न सापडलेल्या कारणाच्या जागी बाईला उभे करणे सोपे असते. त्याचा थेट परिणाम असा की धास्तावलेल्या आईला पान्हा फुटायला वेळ लागतो. दुसरा दोष अधिक कडू आहे. देशभरातल्या एसएनसीयूंच्या नोंदींत मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी असते. मुलगे जन्मतः थोडे नाजूक असतात, हे त्यातल्या काही फरकाचे कारण आहे. सगळ्याचे नाही. ‘सहीवर घेऊन जातो’ असे म्हणून उपचार अर्धवट टाकताना आत मुलगी आहे की मुलगा, याचा विचार होतो, हे व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

खर्चाचे म्हणाल, तर शासकीय रुग्णालयात १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजाताचे उपचार, औषधे आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. खासगी अतिदक्षता कक्षात रोजचे हजारो रुपये लागतात, आणि रात्री दोन वाजता निर्णय घेणारा बाप हिशेब करत नाही. तो सकाळी करतो.

बाळ घरी येते तेव्हा खरी परीक्षा सुरू होते, आणि वऱ्हाडात ती एका जुन्या रीतीमुळे अवघड होते. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि मग लेकीला आणायचे, असे वेळापत्रक असते. अकाली कळा नेमक्या त्याच्या आधी किंवा प्रवासाच्या तोंडावर येतात. कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि आशा ताई सासरच्या गावी, बाळ अकोल्यात, आणि सुट्टी मिळाल्यावर माय-लेकरू जाते तिसऱ्याच तालुक्यातल्या माहेरी. तिथल्या आशा ताईच्या वहीत हे बाळ जन्मलेलेच नसते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीच्या भेटी कागदावर राहतात. रुग्णालयाने सुट्टी देताना बाळ कोणत्या गावी जाणार हे विचारून तिथल्या आशा ताईला फोन करणे, एवढ्याने ही गळती बरीचशी थांबेल. त्यासाठी नवी योजना नको, नवे पद नको.

घरातल्या जुन्या उपचारांपैकी तेलाचा हलका हात चालतो. शेगडीचा शेक आणि ओव्याची धुरी अपुऱ्या फुप्फुसाला चालत नाही, घुटी तर मुळीच नाही. पोट फुगले म्हणून तापल्या लोखंडाने डागणे, ज्याला पलीकडच्या मेळघाटात ‘डम्मा’ म्हणतात, हा गुन्हाच समजावा. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, श्वास वेगाने चालू लागला किंवा मध्येच थांबू लागला, की वाट न पाहता निघावे.

डोळ्यांचे वेगळे सांगायला हवे, कारण तिथे वेळ निघून गेली तर काहीच हाती राहत नाही. लवकर जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात, आणि प्राणवायूचे प्रमाण काटेकोर नसेल तर त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढतात. बाळ वरून धडधाकट दिसते, रडते, दूध पिते, आणि आंधळे होत असते. २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आतल्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो, फारच लहान बाळाचा त्याहूनही आधी. वेळेत सापडले तर लेझरने नजर वाचते. सुट्टीच्या कागदावर ही तारीख लिहिलेली नसेल, तर मागून घ्यावी.

अंगणवाडीच्या काट्यावर मात्र अशा बाळावर वेगळाच अन्याय होतो. जन्मतारखेवरून वय धरले की ते ‘कमी वजन’ या रकान्यात जाऊन बसते आणि आईला पुन्हा बोलणी बसतात. सप्टेंबरच्या अखेरीस जन्मलेल्या, पण नोव्हेंबरच्या अखेरची तारीख दिलेल्या बाळाचे वर्ष पुढच्या नोव्हेंबरअखेर पूर्ण झाले असे धरायचे. बसणे, रांगणे, बोलणे आणि वजन याच हिशेबाने पाहायचे, आणि ही दोन महिन्यांची वजाबाकी ते दोन वर्षांचे होईपर्यंत चालू ठेवायची. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.